लिनच्या बिल्डिंगचं इलेक्शन

आमच्या धंद्यात माल संपतो, पण किस्से काही संपत नाहीत! हैदराबादेत दिलसुखनगरला माझं शोभेच्या दिव्यांचं दुकान. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की शेजारच्या दुकानातले युसुफभाई आणि समोरचे रेड्डीगारू, म्हणजे तेलुगूत रेड्डीसाहेब, स्टूल ओढून बसतात. चहा येतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "अरे, वो लिन का किस्सा सुनाओ!" कुठला, ते विचारावं लागतं. इतके साठलेत.

लिन म्हणजे चीनमधला आमचा दुभाषा. आम्हा तिघांचा माल तिकडूनच येतो, त्यामुळं वर्षातून एक फेरी ठरलेली. लिन कॉलेजात हिंदी शिकलेला. पहिल्या दिवशी हात जोडून म्हणाला, "महोदय, आपका हार्दिक स्वागत है." आठवडाभर युसुफभाईंच्या संगतीत राहिला आणि एअरपोर्टवर निरोप देताना म्हणतो, "मुँह कायकू लटकाए मियाँ, फिर आते ना तुम लोगाँ!"

*

तिघांचा माल एकाच कंटेनरमधून येतो. जागा मोजकी, म्हणून कुठलं डिझाइन घ्यायचं ते आम्ही हात वर करून ठरवतो. एकदा कारखान्यात कमळाच्या आकाराचे दिवे दाखवले. मी आणि युसुफभाईंनी हात वर केला. रेड्डीगारू भडकले. "हे कमळ आहे? हा तर कोबी आहे! माझ्या दुकानात हे लागणार नाही म्हणजे नाही!"

दोन विरुद्ध एक. कमळ पास!

कारखान्याचा मालक बघतच राहिला. लिनच्या कानात काहीतरी पुटपुटला. लिन म्हणाला, "मालिक पूछते, तुम में बॉस कौन?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

मालकाला पटेना. पुन्हा पुटपुटला. लिन रेड्डीगारूंकडं वळला. "मालिक पूछते, ये हार गए, तो अब तक बैठे कायकू?"

रेड्डीगारू फणकारले, "जाऊ कुठं? कंटेनर एकच आहे!"

*

रेड्डीगारू बरकतपुऱ्यात मराठी शेजारात वाढले, म्हणून मराठी फर्मास बोलतात. भांडायला तर मराठीच वापरतात! तिकडचे पूल, मेट्रो, चकचकीत रस्ते बघितले की त्यांना हुरूप येतो. "बघा माने, दोन वर्षांपूर्वी इथं शेत होतं! आपल्याकडं फ्लायओव्हरचा एक खांब उभा राहीपर्यंत माझ्या पोरीचं लग्न झालं. एक माणूस पाहिजे, हातात डंडा घेतलेला. बास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी होलसेलच्या गल्लीत गेलो तर गल्ली बंद! रस्तारुंदीचा हुकूम आला होता. सगळ्या दुकानांना कुलुपं, आणि आत रेड्डीगारूंनी हौसेनं निवडलेली सॅम्पलची पेटी!

"असं कसं? नोटीस? मुदत? मी कोर्टात जाईन!" भररस्त्यात रेड्डीगारूंचा आवाज चढला.

युसुफभाई शांतपणे म्हणाले, "गारू, डंडा आया ना!"

"लिन, इथं तक्रार कुठं करायची?" रेड्डीगारूंनी विचारलं.

"ऑफिस है ना," लिन म्हणाला. "बहुत अच्छे लोगाँ हैं. बहुत सुंदर अक्षर में लिख लेते."

"आणि मग?"

"बस. सुंदर लिख लेते."

*

लिनच्या घरी आम्ही एकदाच जेवलो, पण ते जेवण विसरत नाही. चौदाव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, पार्किंगमध्ये नवी गाडी, स्वयंपाकघरात आमच्यापेक्षा भारी मशिनं. बाप सायकलवर कोळसा विकायचा, म्हणाला. लिफ्ट मात्र बंद! धापा टाकत चढलो. वर त्याची आई बसलेली. गुडघे गेलेले. लिफ्ट बंद पडली की म्हातारी घरात अडकली. खाली बागेत मैत्रिणी बसतात, ही खिडकीतून हात हलवते.

लिफ्ट दुरुस्त का होत नाही? देखभालीची कंपनी बिल्डरनं बसवलेली. मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, आणि खालचा सोसायटीचा हॉल कंपनीनं परस्पर भाड्यानं दिलाय. फ्लॅटवाल्यांनी आपली कमिटी निवडली तर कंपनी बदलता येते, कायद्यात तशी सोय आहे. पण अर्ध्याच्या वर लोकांनी मत द्यायला हवं, आणि लोक घाबरतात. लिननं मनावर घेतलं होतं: कमिटी निवडायची आणि आईला बागेत बसवायचं.

"मानेसाब, तुम बिल्डिंग के सेक्रेटरी है ना? इलेक्शन कैसे जीते?"

नल्लकुंट्यात आमच्या अपार्टमेंटचा मी सहा वर्षं सेक्रेटरी. खरं ते सांगितलं. "मी त्या मीटिंगला गेलो नव्हतो!"

त्याला कळेना. मग समजावलं, की आमच्याकडं सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं. जो मीटिंगला येत नाही, त्यालाच टाळ्या वाजवून निवडतात!

लिन पोट धरून हसला. मग म्हणाला, "फिर तो मेरे यहाँ सब सेक्रेटरी बनेंगे. मीटिंग को कोई आतेच नहीं!"

परतताना टॅक्सीत आमची जुंपली. मी म्हटलं, "बघा, माणसानं स्वतःचा फ्लॅट घेतला की आज लिफ्टचं विचारतो, उद्या हॉलची चावी कुणाकडं ते विचारतो, परवा आणखी वरचं विचारेल. तिकडं एक दिवस मतदान येणार!"

"काही येत नाही," रेड्डीगारू म्हणाले. "पैसा आला की माणूस एसी लावून झोपतो. तुमच्या लिनच्या बिल्डिंगमध्ये जरी मतदान झालं ना, तरी मी ते कोबीचे दिवे माझ्या दुकानावर लावीन!"

"ज़बान?" युसुफभाई.

"ज़बान!"

*

एकदा लिन हैदराबादला आला तो नेमका मतदानाच्या दिवशी. सगळा बाजार बंद बघून बिचारा घाबरला. "दंगा हुआ क्या?"

"नक्को डरो, छुट्टी है," म्हणत युसुफभाई त्याला शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन आले. उन्हात ही भली मोठी रांग. युसुफभाई सकाळपासून एकेका उमेदवाराचा उद्धार करत होते. हा चोर, तो डबल चोर!

लिननं विचारलं, "एक भी पसंद नहीं, तो धूप में खड़े कायकू?"

"अरे मियाँ, पिछले वाले को घर भेजने का मज़ा क्या कम है?"

दुपारी माझ्या घरी जेवताना लिनचं लक्ष माझ्या बोटावरच. ओल्या रुमालानं त्यानं स्वतः शाई घासून पाहिली. हलली नाही! "कोई पूछा तो?"

"पूछने दो! आम्ही तर दाखवत फिरतो."

"वोट किसको दिए?"

"ते बायकोलाही सांगत नाही!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मला माहितेय!"

लिन हसला नाही. म्हणाला, त्यांच्या बिल्डिंगच्या मतदानात कागदावर फ्लॅट नंबर घालून खाली लाल शाईचा अंगठा उठवावा लागतो. मागं एकदा मतदान निघालं, तेव्हा जे थोडे आले ते घरी जाऊन आधी अंगठा घासत बसले. जिन्यात कुणाला दिसू नये म्हणून!

जाताना पुन्हा माझं बोट हातात धरून नीट बघितलं त्यानं.

*

नंतर लिननं बिल्डिंगमध्ये खरंच नोटिसा लावायला सुरुवात केली. त्या सकाळी लावायच्या, दुपारी गायब! एक दिवस फोनवर म्हणाला, "कल सरकारी ऑफिस में बुलाए थे. चाय पिलाए."

युसुफभाईंनी उडीच मारली. "चाय पिलाए? मुबारक! अब तो काम हुआ समझो!" आमच्या बाजारात चहा पाजला म्हणजे सौदा पक्का!

मग लिन म्हणाला, "नहीं युसुफभाई. हमारे यहाँ चाय पिलाए तो काम रुकता."

त्यानंतर, फोन कुणी ऐकत असलं तर लिन गोत्यात येईल म्हणून, इलेक्शनचा विषय फोनवर काढायचा नाही, असं आम्ही हात वर करून ठरवलं. तीन विरुद्ध शून्य. रेड्डीगारूंचा हात सगळ्यात आधी वर!

*

आता परवाचं सांगतो. दुकानात आम्ही तिघं, आणि लिनचा व्हिडिओ कॉल. नवीन सॅम्पल दाखवायला.

"हवा अच्छी है," लिन म्हणाला. "ऑर्डर भी अच्छे हैं." आणि झुंबर दाखवायला लागला. पंधरा मिनिटं झुंबर! वायर केवढी, काच कसली, सगळं. रेड्डीगारूंना राहवेना. "अरे, पण ते तुझं..." मी त्यांचा गुडघा दाबला.

लिननं झुंबराचा एक लोलक चिमटीत धरून कॅमेऱ्याजवळ आणला. अंगठा लाल!

आम्ही तिघंही फोनवर वाकलो. झुंबर कोण बघतंय!

"पीछे हमारी बिल्डिंग का गार्डन है. देखो," म्हणत लिननं फोन फिरवला. कट्ट्यावर एक टकलू म्हातारा पत्ते पिसतोय, अंगठा लाल. बाळाची गाडी ढकलणारी पोरगी, अंगठा लाल. छत्री घेतलेली बाई, कुत्रेवाला, सायकलवाला... हिंदुस्थानी दुकानदार दिसतायत म्हणून सगळे फोनभोवती जमले आणि हात हलवायला लागले. जिकडं बघावं तिकडं लाल अंगठे! कुणी धुतलेच नव्हते!

रेड्डीगारू उठले. कोपऱ्यातली शिडी घेतली, माझ्याच दुकानातली कमळांची माळ काढली आणि रस्ता ओलांडून आपल्या पाटीवर चढवायला लागले. युसुफभाई दारातून ओरडले, "गारू, गोभी ज़रा सीधी लगाओ!"

"रेड्डीसाब क्या कर रहे?" लिननं विचारलं. मी फोन तिकडं वळवला.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी खदखदून हसलं. लिननं फोन बाजूला धरला. बागेतल्या बाकावर, मैत्रिणींच्या मधोमध त्याची आई बसली होती. अंगठा पुढं करून काहीतरी म्हणाली.

मी आनंदानं ओरडलोच, "अरे वा! लिफ्ट चालू झाली!"

लिननं आईला विचारलं, आणि मग आम्हाला सांगितलं, "अम्मा बोल रही, लिफ्ट अभी भी बंद है. वो चल के उतरी."