रुमालाखालचा हात

आमच्या जनावरांच्या बाजारात दर आठवड्याला एक निवृत्त मास्तर येतात. घेत काहीच नाहीत. प्रत्येक शेळीच्या कपाळावरून हात फिरवतात आणि बोलताना आधी 'बरं का' म्हणतात. रविवारी धाराशिवला कॅथलिक मुलांना त्यांच्या धर्मातले संस्कार शिकवतात.

मी दलाल. एकदा त्यांना डिवचलं, "मास्तर, तुमच्या बाप्तिस्म्यात लेकराच्या डोक्यावर पाणी ओतून काय बदलतं? पाणी तर वाळून जातंय."

"बरं का, रुमालाखाली बोटं दाबून तुम्ही भाव ठरवता. बैल तोच, दावं तेच. मग मालक कसा बदलतो?"

"हात दिला की सौदा झाला!"

"तसंच. त्या पाण्यातून देव हात देतो. नुसती खूण न्हाय, खरंच देतो."

परवा माझ्या बैलांसाठी गिऱ्हाइकाच्या वतीनं माझा थोरला भाऊच आला. तोही दलाल. माझ्या पोरीच्या लग्नाला तो आला नव्हता, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्यानं हात पुढं केला. मी ओरडलो, "ह्याच्याशी सौदा न्हाय!"

मास्तरांनी खांद्यावरचा रुमाल भावाच्या हातावर पसरला आणि एक कोपरा वर धरून मला म्हणाले, "बरं का शेठ, हात पुढं आलाय."

मी चिडूनच हात आत घातला. भावानं बोट दाबलं नाही. माझी सगळी मूठच धरली.

"दादा, भाव सांग की," मी म्हणालो.

त्यानं मूठ सोडली नाही. मीही हात काढला नाही. मास्तर मात्र केव्हाच शेळ्यांकडं निघून गेले होते.