दोन बोटं मोकळी जागा

अक्का माऊस सरकवत नसत, फेकत. उजव्या हाताला कायमचा कंप होता. आमच्या कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत बसून त्या माऊसला वरच्या दिशेनं असा हिसडा देत, की नवख्याला वाटावं बाई चिडल्यात. चिडलेल्या नसायच्या. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला मेनूची पट्टी होती: नवीन पेशंट, जुना पेशंट, वॉर्ड, छापा. कितीही जोरात फेका, बाण कडेला जाऊन अडणारच. मग जरा डावीकडं-उजवीकडं सरकवलं की काम झालं.

पेठ वडगावहून रोज एसटीनं येणाऱ्या या बाईंनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी पदवी घेतलेला शहाणा, तिथलं सॉफ्टवेअर सांभाळायला गेलो, तर मलाच त्यांनी शिकवलं. "बाण भितीला जाऊन थटतोय बघ. मग हात किती का हलंना, मला काय!"

खिडकीवर त्यांचा दरारा होता. कुणी रांगेत घुसलं की "मागं व्हा की! आजार काय तुमास्नीच झालाय व्हय?" आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न ठरलेला: "पावणं, आदी कदी आलताय का?" जुन्या पेशंटला जुनाच नंबर पडला पाहिजे, तरच त्याची जुनी फाईल डॉक्टरांपुढं जाते. यात त्यांची कधी चूक झाली नाही. कधीच नाही, हे मी पुन्हा लिहितो.

मग आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या साहेबांना ते 'मोकळं' दिसायला हवं झालं. मोकळं म्हणजे काय, तर मेनू कडेपासून दोन बोटं खाली, चारी बाजूंनी पांढरी जागा, गोल कोपरे. हल्ली सगळीकडं असंच असतं म्हणे. मी केलं. याच हातांनी केलं.

पहिल्या दिवशी अक्कांनी नेहमीसारखा माऊस फेकला. बाण मेनू ओलांडून वरच्या पांढऱ्या जागेत गेला. खाली आणायला गेल्या, तर हात थरथरला आणि भलत्याच ठिकाणी क्लिक झालं.

"ह्यो खाली का घेतलास?"

"दिसायला बरं दिसतं, अक्का."

"मी काय बघत बसाय आलोय व्हय हितं? वर लाव की त्यो!"

"होईल सवय," मी म्हणालो.

होईल सवय! आजही आठवलं की मस्तकात तिडीक जाते. थरथरणाऱ्या हाताला कसली सवय होणार होती, माझं कपाळ? त्यांनी तीनदा फोन केला. मी साहेबांना एकदा, तेही चाचरत सांगितलं. "एका बाईसाठी डिझाईन बदलायचं का?" ते म्हणाले आणि मी विषय सोडून दिला.

रांग फाटकापर्यंत जायला लागली. कालपर्यंत अक्का-अक्का करणारी माणसं खिडकीवर हात आपटायला लागली. आणि एक दिवस मुरगूडच्या एका आजोबांच्या वेळी 'जुना'च्या जागी 'नवीन' दाबलं गेलं. नवा नंबर पडला, जुनी फाईल आलीच नाही. त्यांना एक इंजेक्शन सोसत नाही, हे त्या फाईलवर लाल शाईनं लिहिलं होतं. नर्सनं सुई भरल्यावर सहज विचारलं म्हणून निभावलं.

दवाखान्यानं आमच्याकडं खुलासा मागितला. साहेबांनी सांगितलं, मी टाईप केलं: 'प्रणालीत दोष नाही. वापरणाऱ्याची चूक.' खाली सही माझी.

अक्कांना मागच्या फायलींच्या खोलीत पाठवलं. खुर्चीवरची उशी काखेत मारून त्या माझ्यासमोरून गेल्या. थांबल्या. "माझा हात थरथरतोय, सगळ्या गावाला ठावं हाय. सही करताना तुझा कसा न्हाई रं थरथरला?" दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली.

त्यांच्या जागी आलेल्या ठणठणीत हाताच्या मुलीच्याही तशाच चुका व्हायला लागल्या. तेव्हा कुठं साहेबांना पटलं. मेनू वरच्या कडेला नेऊन चिकटवायला मला अर्धा तास लागला. एवढ्याशा कामासाठी आम्ही त्या बाईंची खिडकी घालवली.

हे सांगायला मी वडगावला गेलो. अक्कांनी चहा केला. मला कप भरून, स्वतःला अर्धाच, सांडू नये म्हणून. सगळं ऐकून घेतलं.

"मेनू वर लावलास, ब्येस केलंस. आन् त्यो कागद?"

"तो तसाच आहे, अक्का."

"त्यो बदल आदी. माझ्या नावावर हाय त्यो."

मी दवाखान्याला पत्र दिलं. 'विषय बंद झाला आहे,' असं उत्तर आलं. साहेब म्हणाले, कशाला उकरून काढतोस. विषय यांचा बंद झालाय, त्या बाईंचा नाही. म्हणून इथं लिहितो: हात अक्कांचा थरथरत होता, पण चूक माझी होती. मेनू मी खाली घेतला, त्यांनी वर लाव म्हटल्यावर ऐकलं नाही आणि खोटं लिहून सही केली.

रविवारी हा कागद घेऊन वडगावला जाणार आहे. याच्याही खाली सही माझीच आहे.