सिंदीची मिल पेटली नाही, त्याची गोष्ट

ठोंबरे वकील भित्रे होते.

आज सकाळी वर्ध्यात वारले. फोन आला तेव्हा मनात पहिलं हेच आलं, म्हणून तेच आधी लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. मी त्यांची स्टेनो. रोहण्याहून आलेली, शॉर्टहँडची परीक्षा नुकतीच पास झालेली, बावीस वर्षांची.

साहेब कंपन्यांचे वकील होते. चार कंपन्यांनी संगनमत करून एकच भाव ठरवला, न ऐकणाऱ्याला धंद्यातून उठवायला निघाल्या, की दिल्लीला मक्तेदारीच्या कमिशनकडे तक्रार जायची. तिकडून नोटीस यायची. ती नोटीस घेऊन शेठ लोक साहेबांकडे यायचे.

लोक त्यांना ‘शेठायचा वकील’ म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी सहा तेल मिलवाल्यांची केस आली. सरकीच्या ढेपेचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा, भाव सहाही जणांनी मिळून बांधून टाकला होता. सिंदी रेल्वेच्या वासुदेवभाऊंची एक लहानशी मिल होती. ते स्वस्तच विकत राहिले.

मग त्यांना बारदाना, म्हणजे भरायला पोती, मिळेना. ट्रक मिळेना. त्यांनी थेट दिल्लीला लिहिलं.

एप्रिलची दुपार. सहाही शेठ त्यांच्यातल्याच एकाच्या सिंदीतल्या मिलच्या ऑफिसात जमले होते. शेजारीच गोदाम, छतापर्यंत ढेपेची पोती. जेवणाची सुट्टी, मशिनी बंद. एवढी शांतता की माझ्या पेन्सिलचा आवाज मलाच ऐकू येत होता.

साहेब म्हणाले, “भावाचा करार मोडला असं लिहून द्या. कमिशन समज देऊन सोडेल. खोटं अफिडेव्हिट केलं तर मात्र जेल आहे.”

सफारीतले एक शेठ हसले. “सायेब, एवढं लिवालिवी काऊन? त्याची मिलच नाई राह्यली, तं केस कोन्त्या मिलची चालवान?”



“ढेपीले पेटाले काय लागते? एक काडी.”

बाकीचे पाच जण खाली बघत होते. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. अर्धं पाणी फाईलवर सांडलं. ग्लास तसाच खाली ठेवला.

“सुजाता, लिही.”

मी लिहिलं. आधी त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या बोलीत. “आत्ता इथं जे बोललं गेलं ते मी ऐकलं. वासुदेवभाऊची मिल पेटली, तं पोलिसात पयले मी जाईन. तुमचा वकील असूनही जाईन.”

सफारीवाले उठले. माझ्या हातातून वही घेतली, पान फाडलं, खिशात घातलं. वही परत माझ्या मांडीवर ठेवली. हळूच. ते हळूच ठेवणंच मला जास्त भयंकर वाटलं.

स्टेशनवर साहेब नळापाशी गेले आणि ओकले. रुमालानं तोंड पुसत माझ्याकडे आले.

“मले भेव लागून राह्यलं, पोरी. तुले?”

“लागते ना साहेब.”

“आठवते का तुले, काय लिवलं होतं ते?”

आठवत होतं. शब्द न् शब्द. बाकावर बसून पुन्हा लिहिलं. वर्ध्याला आल्यावर सहा प्रती टाईप केल्या, सहाही शेठांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवल्या. खाली साहेबांची सही, आणि ‘ऐकणारी’ म्हणून माझी.

मी म्हटलं, “साहेब, सोडून द्या ना ही केस.”

“सोडली, तं त्यायच्या खोलीत ‘नाई’ म्हणणारं कोणी राह्यत नाई.”

नंतरचे सहा-सात महिने मी धड झोपले नाही.

ऑफिससमोर एक जीप उभी राहायची. कोणी उतरायचं नाही. एकदा रोहण्यात माझ्या बाबांना अनोळखी माणसानं विचारलं, “तुमची पोरगी वकिलाकडे असते का?” एवढंच विचारून गेला. बाबा पुढच्याच एसटीनं वर्ध्याला आले. म्हणाले, “सोड हे काम. आपल्या मांगं कोण हाय?”

मी सोडलं नाही. धीट होते म्हणून नाही. घरी बसून वाट बघायची, त्याची जास्त भीती वाटायची.

साहेब रोज सकाळी आले की आधी विचारायचे, “सिंदीकडून काही?”

“काही नाही साहेब.”

मगच कोट काढायचे.

दिवाळीनंतर सहाही जणांनी सही केली. करार मोडला. दिल्लीत केस निकाली निघाली. वासुदेवभाऊंची मिल चालत राहिली. त्या सहापैकी एकानंही साहेबांना पुन्हा काम दिलं नाही.

शेठ खरंच काडी लावणार होते का? मला आजही माहीत नाही.

पुढे एकदा वर्धा स्टेशनवर वासुदेवभाऊ समोर आले. भर प्लॅटफॉर्मवर ओरडले, “शेठायचा कुत्रा!” लोक बघायला लागले. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं.

साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. “चाल पोरी. अशीलाची गोष्ट हाय, आपल्याले बोलता येत नाई.”

आता ते शेठ नाहीत. वासुदेवभाऊ नाहीत. साहेबही नाहीत. असते तर ही पोस्ट मला लिहू दिली नसती.

वासुदेवभाऊंची मुलं हे वाचत असतील, तर आज दुपारी चारला साहेबांच्या अंत्ययात्रेला या. त्यांना शेवटचं पोचवायला माणसं फार नाहीत.

साहेब, शांतपणे जा. जय भीम.

— तुमची स्टेनो, सुजाता