आवक रजिस्टरमधले तीन दिवस

गेल्या सोमवारी सकाळी लाखांदूरच्या एका सरकारी कार्यालयात मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला... तोही पूर्ण ताकदीने.

ओळखीच्यांना माहीत आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं आणि मी कॉलेज सोडलं. तेव्हापासून काकाची पेपर टाकायची लाइन सांभाळतो. डोकं मात्र तेच आहे.

या कार्यालयात आधी प्रत्येक टेबलाला पेपर लागायचा. एकाला क्रिकेटचं पान, एकाला जिल्ह्याचं, बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, राशिभविष्य... अर्धा तास नुसती पानांची पळवापळवी आणि वाद. मग एकेकाने बंद केला. आता आत गेलं की सगळ्या माना खाली. एकच बातमी सहा जण सहा मोबाइलवर वाचतात आणि कोणी कोणाला सांगत नाही.

दोष तरी कसा देऊ? मी स्वतः गठ्ठा सोडायच्या आधी मोबाइलवर हेडलाइन बघतो.

उरला होता एकच पेपर, कार्यालयाचा. तो द्यायचा आवक-जावकच्या टेबलावर, आणि तिथे उन्हाळ्यात एक नवीन मॅडम आल्या, बपेरा गावच्या. नाव लिहीत नाही. कळलं तर कळलं...

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातून पेपर घेतला, त्यावर 'आवक'चा गोल शिक्का मारला, तारीख टाकली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. बाहेरून येणारा प्रत्येक कागद नोंदवायचा, असं त्यांना शिकवलं होतं. सगळं ऑफिस हसलं. कान लाल झाले त्यांचे, पण त्या हटल्या नाहीत. "कागदच आहे ना बाबूजी? मंग नोंद होईन."

तेव्हापासून रोज शिक्का. तो आवाज मला दिवसभर पुरायचा. दुखणं एकच होतं... पेपर घेताना त्या रोज म्हणायच्या, "ठेवा भाऊ."

भाऊ!

तर सोमवारी बडे बाबू म्हणाले, "प्रफुल, उद्यापासून हा बी नोको आणू. सारं कालच मोबाइलवर वाचून होते. कायले रद्दी वाढवून राहिला?"

हो म्हणून गप निघायचं होतं. पण नाही. "चाटत बसा मग मोबाइल! आता पाया पडले तरी या हापिसात पाय नाही ठेवत मी!" असं ओरडून, दार आपटून बाहेर. चौकात पोचल्यावर डोक्यात उजेड पडला. बाबूजींचा फक्त पेपर बंद झाला होता. मला तर मॅडमचं दर्शनच बंद झालं होतं... माझ्याच तोंडाने.

मंगळवारी सवयीने त्या कार्यालयाची प्रत वेगळी काढली. गेटपर्यंत गेलो, शपथ आठवली, परत फिरलो. बुधवारी तेच, गुरुवारीही तेच. उरलेल्या प्रती एजन्सीला परत जातात, पण या तीन काही माझ्याने देववल्या नाहीत. गाडीच्या डिकीत पडून राहिल्या.

शुक्रवारी लाइन संपवून एसटी स्टँडवर चहा घेत होतो, तर समोर स्कूटरवर बडे बाबू. आवाज एकदम साखरेचा. "प्रफुल, बुधवारचा पेपर भेटन का गा?"

"मोबाइलवर पाहा ना."

"पाहिला ना बाप्पा..."

झालं असं होतं, बुधवारी त्यांच्याच कार्यालयाची जाहीर सूचना छापून आली होती, एका गावच्या जागेवर हरकती मागवणारी. आणि एक गावकरी साहेबांसमोर ठाण मांडून बसला होता, की अशी सूचना आलीच नाही. फाइलला छापील कात्रण लागतं, पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं. ग्रुपवर कोणीतरी टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सूचना होती, तारीख कापली गेली होती. ई-पेपर उघडला तर सारखं नागपूरचं पान, आपल्या जिल्ह्याचं येईचना. आणि ज्या कपाटात मॅडम शिक्क्याचे पेपर तारीखवार लावतात, तिथे नेमका बुधवार नव्हता.

"साहेब त्या पोरीवर चिडून राहिले," बाबूजी म्हणाले. "तिची काही चूक नाही, पण टेबल तिचं ना."

माझी शपथ तिथेच चहाच्या टपरीवर राहिली.

"पाया पडायचं राहिलं बाबूजी," मी किक मारत म्हटलं.

"चाल बे, नाटकं नोको करू!"

तिन्ही पेपर आणि त्या दिवशीचा ताजा, सगळे टेबलावर ठेवले. मॅडमनी बुधवारचा उघडला, पान उलटलं, सूचना सापडली... डोळे मिटून त्यांनी श्वास सोडला. कात्रण आत गेलं. गावकऱ्याने दोनदा वाचलं, आणि मुदत बाकी होती म्हणून हरकतीचा अर्ज तिथेच लिहून दिला.

मग मॅडमनी आवक रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मंगळवार: वृत्तपत्र आले नाही. बुधवार: वृत्तपत्र आले नाही. गुरुवार... तेच. निळ्या शाईत, सुबक अक्षरात.

"पण बाबूजींनी बंद केला होता ना?"

"बंद केल्याचं पत्र कुठं आलं माझ्या टेबलावर?" त्या म्हणाल्या. "लेखी नाही, म्हणजे येणारच. वाट पाहून राहिली होती मी."

मी त्या तीन ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

आज सोमवार. शिक्का वाजला. बाबूजींनी सगळ्यात आधी राशिभविष्याचं पान ओढलं आणि मोठ्याने वाचलं, तर दोघं क्रिकेटच्या पानासाठी खुर्चीतून उठले. बाकीचे मोबाइलवरच होते... असू द्या.

निघताना मागून मॅडमचा आवाज आला, "उद्या उशीर नोको करू."

या वाक्यात 'भाऊ' नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी चार वेळा आठवून पाहिलं... नव्हतंच.

तारीख कापून तो स्क्रीनशॉट कोणी काढला, कोण जाणे. जो कोणी असेल, त्याचे मनापासून आभार... त्याचा मोबाइल कधी हँग न होवो.