विमलवहिनीची भट्टी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "आत्या, आई नहीं रही," एवढंच तो म्हणाला... मराठी त्याला येते, पण तोंडून हिंदीच निघाली. माझ्या थोरल्या भावाची बायको, विमलवहिनी, गेली त्याला आता महिना होत आला. भिलाईतले जुने लोक तिला चित्रं काढणारी बाई म्हणून ओळखतात. मला ती आठवते डोळे बारीक करून बोलणाऱ्याकडे पाहणारी. याच्या बोलण्यामागे काय आहे, याचा अंदाज घेणारी. आधी ती अशी नव्हती.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. दादा तिथल्या कचेरीत क्लार्क, मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिकवायला लागलेली, आणि भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेली वहिनी. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो. यंत्रं रशियातून लाकडी खोक्यांत यायची आणि त्या खोक्यांच्या फळ्या बाजारात विकायला असायच्या. वहिनी त्या आणून, चुना फासून, त्यावर चित्रं रंगवायची. फळीच्या पाठीवर रशियन अक्षरं तशीच राहायची.

एका वर्षी दिवाळीनंतर वसाहतीच्या सभागृहात रहिवाशांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. बंगाली, मल्याळी, पंजाबी, जो तो आपल्या गावची नदी नाहीतर देऊळ घेऊन आला होता. वहिनीने नेली कारखान्यातली भट्टी. काळ्या तोंडातून उसळणारा लालपिवळा जाळ आणि त्यापुढे पाठमोरी माणसं. लोक तिथे येऊन थबकत. दादाला मात्र ते चित्र नको होतं. "देवळाचं ने ना, हे कावून नेऊन राहिली? माह्या नोकरीवर येईन," असं तो आदल्या दिवशीच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी एक साहेब आले. कोणत्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही. कारखान्यात साधा कॅमेरा न्यायलाही तेव्हा बंदी होती. त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं, उलटं केलं, मागची अक्षरं बोटाने चाचपली. मग वहिनीकडे वळून म्हणाले, "आप तो अंदर कभी गई नहीं. भट्टी का मुँह किसने बताया? पति ने?"

दादा बाजूलाच उभा होता. त्याची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.  वहिनीच पुढे होऊन म्हणाली, "साहब, घर चलो. दिखाती."

ते खरंच आले. वहिनीने कोळशाची सिगडी पेटवली. निखारे फुलले तसं तिने त्यांना खाली बसायला सांगितलं आणि सिगडीच्या खालच्या तोंडातून आत बघायला लावलं. चित्रातलाच लालपिवळा जाळ तिथे होता. साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिले... उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "शिकायत आई थी, इसलिए आना पड़ा," ते म्हणाले.

"किसकी?" वहिनीने विचारलं.

"छोड़िए बहनजी. घर की बात है."

चित्र परत भिंतीवर लागलं, दादाची नोकरीही टिकली. पण 'घर की बात' हे शब्द घरातून गेले नाहीत. घर म्हणजे वसाहत, की आमच्या दोन खोल्या? वहिनी आधी शेजारणीवर संशय घेऊ लागली, मग प्रदर्शन भरवणाऱ्यांवर. काही दिवस माझ्यावरही. मी चहाचा कप पुढे केला की आधी माझ्या तोंडाकडे पाहायची, मग कप घ्यायची. दादाबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही. त्यानंतर दरवर्षी प्रदर्शनाच्या दिवसांत दादा रजा काढून सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. बायकोचं केवढं कौतुक, असं लोक म्हणायचे. एकदाच, रंग कालवता कालवता, वहिनी माझ्याशी हळूच बोलली, "राखण करून राहिला, का नजर ठेवून राहिला?"

दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वहिनी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसायची. शेवटच्या भेटीत मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, दादाले त्या तक्रारीचं एकदा तरी विचारलं कावून नाई?"

"तुह्या भावाले खोटं बोलता येत नोतं," ती म्हणाली. "विचारलं असतं तं त्यानं खरं सांगून टाकलं असतं..." तिला धाप लागली होती. मी पाणी दिलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, "मंग मले त्याच्यासंगं राहता आलं असतं का?"

तेराव्याला भाचा सगळ्यांना सांगत होता, आईने बाबांना उभ्या जन्मात कधी एका शब्दाने जाब विचारला नाही. बायका माना डोलावत होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. "है ना, आत्या?"

मी हो म्हटलं.