न गेलेल्या पत्राला आलेलं उत्तर

मी आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलं. जे घडतं त्याला कारण असतं, आणि सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नसतं... हेच मी नव्या मुलांना शिकवत आले. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा करायला उठणारी बाई. तरीही हे लिहिते आहे, कारण त्या दिवसाचं कारण मी पुष्कळ शोधलं आणि मला ते सापडलेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांची, मूळची अमरावतीकडची. आई-वडील दोघंही गेलेले, मामांनी वाढवलेलं. एका सरकारी खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिलंच पोस्टिंग कोल्हापूर. ताराबाई पार्कातल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर, आमची मशीनची खोली. चपला बाहेर काढायच्या, आत एसीची घरघर, खिडकी कायम बंद. मशीनवर काम करणारी मी एकटी. दाराशी बापू म्हणून पन्नाशीचे शिपाई बसत, आणि ते मशीनला बिचकून आत यायचे नाहीत. दिवसाकाठी माझं बोलणं दहा वाक्यांचं होत असेल नसेल.

राहायला कसबा बावड्यात खोली. घरमालकीण आक्का, शेतकरी घरातल्या. मोठ्या आवाजाच्या, पण जीव लावणाऱ्या. रोज संध्याकाळी दारातून विचारायच्या, "पोरी, एकटीच काय जेवतीस, ये की चुलीपाशी." आणि मी रोज काहीतरी कारण सांगायचे. का सांगायचे, ते आज मला नेमकं सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या भरल्या घरात पान मांडून बसलं की आपलं कुणी नाही हे जास्त जाणवतं, असं काहीतरी असावं.

आता कामाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गच्चीवर उपग्रहाची डिश होती. तिच्यामार्फत आमचं मशीन पुण्याच्या मुख्य मशीनला जोडलं जायचं. जिल्ह्याची माहिती भरलेली फाईल दर आठवड्याला पाठवायची. 'पुट' म्हटलं की फाईल जायची, 'गेट' म्हटलं की यायची... निदान तशी अपेक्षा असायची. शिवाय प्रत्येक ऑपरेटरची पुण्याच्या मशीनवर एक मेलबॉक्स होती. मराठी टाईप होत नसे, तेव्हा आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो.

अशा मेलवरच माझी परभणीच्या ऑपरेटरशी ओळख झाली. कदम त्यांचं नाव. पस्तिशीचे, लग्न झालेले. कधी भेटलो नव्हतो, आवाजही ऐकला नव्हता. सुरुवातीला माझी फाईल अडकली की ते उपाय कळवायचे. मग त्याखाली एखादी ओळ यायला लागली... आज इकडे ऊन फार आहे, तुमच्याकडे कसं? मी उत्तर द्यायचे. बस, इतकंच. गैरसमज नको, त्यात दुसरं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर सकाळी मशीन सुरू केलं की मी आधी मेल बघायचे, फाईल नंतर.

त्या आठवड्यात मामांचं पत्र आलं. अकोल्याचं स्थळ होतं. शिक्षक, बायको वारलेली, दोन लहान मुलं. माणूस सज्जन आहे, तुझा होकार असेल तर शनिवारपर्यंत तार कर, मी रविवारी त्यांच्याकडे जाऊन पक्कं करतो. मामांची काही जबरदस्ती नव्हती. मी दोन रात्री विचार केला आणि होकार ठरवला. गुरुवारी सकाळी पोस्टातून तारेचा फॉर्म आणून भरला आणि पर्समध्ये ठेवला. ऑफिस सुटल्यावर तार करायची होती.

नेमकं त्याच दिवशी मशीन हटून बसलं. पुट दिलं की फाईल थोडी जायची आणि स्क्रीनवर यायचं — ट्रान्सफर अबॉर्टेड, म्हणजे पाठवणं मध्येच तुटलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. पुण्याला ट्रंक कॉल लावला. तिथले इंजिनिअर म्हणाले, केबल काढून परत बसवा, मोडेम बंद-चालू करा, फाईलचे दोन तुकडे करून बघा. सगळं केलं. काही फरक नाही. बापू दारातूनच म्हणाले, आज न्हाय तर उद्या जाईल की मॅडम, तुमी जेवून घ्या.

दुपारी करायला काही नव्हतं. मी कदमांना पत्र टाईप करायला बसले. चार ओळी लिहायच्या म्हणून बसले आणि पान भरलं. स्थळाचं लिहिलं, आक्कांच्या चुलीचं लिहिलं. आणि जे मामांना, आक्कांना सांगितलं नव्हतं तेही लिहिलं — की माणूस कसा आहे याचा मी विचारसुद्धा केलेला नाही, मला फक्त एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय, म्हणून मी हो म्हणते आहे.

पाठवायची कमांड दिली. ट्रान्सफर अबॉर्टेड. तीनदा दिली, तीनदा तेच. मग मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, परक्या माणसाला काय काय लिहून बसलो आपण! पत्र माझ्याच मशीनवर पडून राहिलं. ते कुठेही गेलं नाही — हे मी नंतर पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे.

साडेतीनच्या सुमारास स्क्रीनवर ओळ आली, तुमच्यासाठी एक नवीन मेल आहे. मी मेल वाचायची कमांड दिली. उत्तर आलं, मेसेज सापडत नाही. यादी मागितली तर यादीत एक मेल. उघडायला गेलं की गायब. बाहेर पडून पासवर्ड देऊन परत आत गेले. एक मेल... सापडत नाही. असं तासभर चाललं. शेवटी म्हटलं, एकेक मेल उघडत नाही ना, मग अख्खी मेलबॉक्सच फाईल म्हणून ओढून घेऊ. गेट दिलं. दिवसभर न चाललेली कमांड, आणि ती फाईल एका दमात आली.

मेल कदमांचा होता. वर त्यांचं नाव, परभणीचा कोड. वेळेच्या जागी काहीच नव्हतं. मजकूर मला पाठ आहे.

"मॅडम, जेवायला सोबत हवी म्हणून लग्न करू नका. मी तेच केलं होतं. सहा वर्षं झाली, घरात दोन ताटं वाढली जातात आणि मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसतो. ती वाईट नाही, मीही नाही. त्या शिक्षकांना आधी भेटा, बोला, आवडले तर जरूर करा. नुसती तार करू नका. आणि आक्का बोलावतात तर जात जा."

मी आधी प्रिंट काढली. मग माझं पत्र गेलं की नाही ते बघितलं — ते तिथेच, न गेलेल्यांच्या यादीत पडलेलं. मग पुण्याला कॉल लावला. तो लागायला अर्धा तास गेला. मी विचारलं, परभणीहून मला आज काही आलंय का?

इंजिनिअर म्हणाले, "परभणीहून कसं येईल? त्यांचं मशीन जळालंय. सोमवारपासून इथे माझ्या टेबलावर उघडून ठेवलंय."

मी म्हटलं, मी आत्ताच मेलबॉक्स माझ्या मशीनवर उतरवून घेतली. ते म्हणाले, आमच्या नोंदीत कोल्हापूरची लिंक आज सकाळपासून एकदाही पूर्ण जोडली गेलेली नाही. मी फोन ठेवला.

कुणी चेष्टा केली म्हणावं तर माझं पत्र कुणी वाचलेलं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी आलं नव्हतं. आणि तार करणार आहे हे माझ्याशिवाय फक्त मामांना ठाऊक होतं. पोस्टावरून जाताना मी थांबले नाही. त्या संध्याकाळी आक्कांकडे जेवायला गेले. त्यांनी ताट पुढे सरकवलं. शनिवारी मामांना तार केली... आधी भेटायचं आहे, घाई नको. ती भेट झालीच नाही. शिक्षकांना थांबायला वेळ नव्हता, दुसरीकडे जमलं. त्यांचा संसार पुढे चांगला झाला, असं मामी सांगायची. हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

लिंक शुक्रवारीच सुरळीत झाली होती. मेलबॉक्स रिकामी होती. आदल्या दिवशी उतरवून घेतलेली फाईल उघडली तर तीही रिकामी. उरली ती प्रिंट. मी माझं न गेलेलं पत्र मशीनवरून पुसून टाकलं आणि कदमांना काही कळवलं नाही.

पाचेक महिन्यांनी पुण्यात ट्रेनिंग होतं. तिथे कदम आले होते. बारीक, चष्मा, हळू बोलणारे. दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात मी त्यांना प्रिंट दाखवली. म्हटलं, हे तुम्ही लिहिलंत का?

त्यांनी वाचलं. मग परत वाचलं.

"मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मशीनच नव्हतं माझ्याकडे. पण हे कुणाला कसं कळलं? मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही."

मी माझ्या पत्राचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, हा कागद मला द्याल? मला द्यायचा नव्हता, तोच एक पुरावा होता. पण त्यांच्याकडे बघून मी दिला. त्यांनी तो घडी करून वरच्या खिशात ठेवला.

त्यानंतर वर्षभर आम्ही एकाच नेटवर्कवर काम केलं, पण फाईलींपलीकडे एकमेकांना एक ओळही लिहिली नाही. भांडण नव्हतं. एकमेकांचं नको तितकं कळलं होतं, आणि तेही आम्ही स्वतः सांगितलेलं नव्हतं. मग त्यांची बदली झाली आणि परभणीच्या कोडवर दुसरं नाव आलं.

जुन्या सहकाऱ्यांना मी हे एकदा सांगितलं होतं. कुणी म्हणालं, जुना मेल चुकून आला असेल. कुणी म्हणालं, तूच थकून स्वतःला लिहिलं असशील. दोन्ही मी तपासून बघितलं, बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

त्या व्हरांड्यात, घंटा झाल्यावर आत जाता जाता, कदमांनी एवढंच विचारलं होतं, "मग तार केलीत?"

मी म्हटलं, होकाराची नाही केली.

"मग ज्यानं कुणी लिहिलं," ते म्हणाले, "त्यानं मलाही सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं."