खड्याला पेशी नसतात

"डाव्या युरेटरमध्ये खडा आहे," सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत डॉक्टर म्हणाले. युरेटर म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी. "भरपूर पाणी प्या, लघवी गाळणीतून करा. खडा पडो न पडो, आठवड्यानं परत सोनोग्राफी." यातलं 'पडो न पडो' माझ्यासोबत आलेल्या थोरल्या दिरांना ऐकूच आलं नाही, असं ते आजही सांगतात.

मी नाशकातल्या एका फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवते. सूक्ष्मदर्शकाखाली चूर्णं ओळखणं हे माझं रोजचं काम. पण आमच्या घरात औषधातलं कळतं ते फक्त भावजींना. देवळाली कॅम्पात त्यांचं कपड्यांचं दुकान आहे.

आम्ही घरी पोचलो, तोवर भावजींनी फोन करून बांधावरचे सराटे, म्हणजे गोखरू, मागवले होते. काढा उकळत होता. कमरेतून जांघेत उतरणारी ती कळ ज्यांनी सोसली असेल, त्यांना वेगळं सांगायला नको. वाद घालायचं त्राण अंगात नव्हतं. मी काढा प्यायले, गोळ्याही घेतल्या.

दोन-तीन दिवसांत कळा थांबल्या आणि गाळणीत मोहरीएवढा तपकिरी कण सापडला.

"पडला! मी म्हटलं नव्हतं?" भावजी म्हणाले. तो कण कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती डबी उघडून दाखवायचे. पुढची सोनोग्राफी त्यांनी परस्पर रद्द केली. किडनी माझी, अपॉइंटमेंट माझी, फोन त्यांचा. मला नंतर सांगितलं.

मी पुन्हा कॉलेजला जायला लागले, तेव्हा डबी घेऊन गेले. मुलं चूर्णं बघतात, पण खडा बघायला मिळत नाही. फोडला की स्फटिक दिसतील, असं मी वर्गात सांगूनही टाकलं.

कण चिमट्यानं दाबला तर त्याचे धागे सुटले. मी काचेवर घेऊन बघितलं. स्फटिकांचे ढीग नव्हतेच. जाड भिंतींच्या पेशी, तंतूंचे जुडगे आणि एक तुटका टोकदार केस. फ्लोरोग्लुसिनॉल आणि आम्लाचा थेंब टाकला. लाकडी भिंती त्यानं लालगुलाबी होतात, तशा झाल्या. हेच चित्र मी दरवर्षी मुलांकडून काढून घेते, खाली नाव लिहायला लावते: गोखरू.

खड्याला पेशी नसतात.

मी तिथूनच सासूबाईंना फोन केला. "मला गाळणी कुठली दिली होती?"

"काढ्याचीच. जुनी व्हती ना. धुतली व्हती की मी."

सराट्याचा तुकडा जाळीत अडकून राहिला होता आणि आम्ही त्याचं दर्शन घेत होतो. मग माझा खडा कुठे होता?

रजा टाकून थेट हॉस्पिटल गाठलं. बाकावर बसले तेव्हा थंडी वाजून ताप यायला लागला होता. लघवीच्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, भरभरून होत्या. सोनोग्राफीत हायड्रोनेफ्रोसिस. लघवी तुंबून किडनी फुगते, त्याला तसं म्हणतात.

"खडा जागचा हललेला नाही," डॉक्टर म्हणाले. "कळा थांबल्या म्हणून आला नाहीत ना? असंच राहिलं असतं, तर ही किडनी गेली असती."

आधी स्टेंट घातला. तुंबलेली लघवी उतरवणारी ती बारीक नळी. ताप गेल्यावर दुर्बिणीतून लेझरनं खडा फोडला. किडनी वाचली. त्या डॉक्टरांचे आणि मला स्ट्रेचरवर चढवून-उतरवून नेणाऱ्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

भावजी भेटायला आले. "काढ्यानं मऊ पडला होता, म्हणून लगेच फुटला."

"भावजी, बाहेर जा," मी म्हटलं.

"अगं, मोठे आहेत ते," नवरा म्हणाला. मी त्यालाही त्यांच्यासोबत पाठवलं.

गोखरूशी माझं वैर नाही. तेच शिकवून मी पोट भरते. पण तुमच्यावर ही वेळ आली तर ऐका. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं. सापडलेला कण लॅबला ओळखू द्या, आणि सोनोग्राफी दुसऱ्या कुणाला रद्द करू देऊ नका.

घरी आल्यावर मी भावजींची माफी मागावी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी मागितली नाही. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

एका सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"तुला लय राग हाय माझा."

"आहे."

"लघवीला जळजळतंय मला. लय दिवस झाले. थोरल्याचाच काढा घेतेय, पण फरक नाय. त्याला सांगू नको." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "तुझ्या डॉक्टरकडं नेशील?"

राग गेला नव्हता. रागासकटच मी रिक्षा बोलावली. केसपेपर काढताना त्यांनी माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला नाही.